डाव कुणासाठी सोडायचा? कार्ड स्पर्धांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, ठाणे आणि नाशिक भागात मॅजिक, पोकेमॉन, यु-गि-ओ अशा ट्रेडिंग कार्ड गेमच्या स्पर्धा भरवणारे सर्व आयोजक, दुकानदार आणि पंच यांस,

विषय: डाव सोडणे (आपणहून हार मान्य करणे), ठरवून बरोबरी घेणे आणि त्याबद्दल स्पर्धेआधी काहीच न सांगणे

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. ३२ खेळाडू, ५ राउंड, पहिले ८ बाद फेरीत. माझ्या भाच्याची, वय १५, ही मॅजिकची पहिलीच मोठी स्पर्धा होती. चार राउंड झाले तेव्हा त्याचे दोन विजय आणि दोन पराभव होते. पाचव्या राउंडच्या जोड्या भिंतीवर लागल्या तशी त्यानं बोटं मोजली आणि मला म्हणाला, "मामा, हा जिंकलो की नऊ पॉइंट. टायब्रेकर चांगला असेल तर आठात बसेन." (टायब्रेकर म्हणजे पॉइंट सारखे असले की वरखाली ठरवणारा हिशेब.) टेबलावर जाऊन बसला, डेक म्हणजे आपला कार्डांचा गठ्ठा पिसला, समोरच्याला कट करायला दिला.

तेवढ्या वेळात पुढच्या दोन टेबलांवर काय झालं ते मी उभ्या उभ्या पाहिलं. दोघे बसले. एकानं विचारलं, "आयडी?" दुसरा म्हणाला, "चालेल." (आयडी म्हणजे न खेळता ठरवून घेतलेली बरोबरी.) निकालाच्या चिठ्ठीवर सह्या झाल्या, हातात हात दिला आणि दोघं मिळून खाली वडापाव खायला गेले. पलीकडच्या टेबलावरही तसंच. एकही कार्ड उघडलं गेलं नाही.

भाचा पूर्ण ५० मिनिटं खेळला. वेळ संपल्यावर मिळणाऱ्या जादा पाच टर्नमधल्या चौथ्या टर्नला जिंकला. कान लाल झालेले, हात थरथरत होते. यादी लागली. नऊ पॉइंट मिळवलेल्यांत तो सगळ्यात वर होता आणि एकूण यादीत नववा.

"मामा, मी जिंकलो ना?"

"जिंकलास."

"मग?"

त्या "मग"चं उत्तर घरी गेल्यावर मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. तेच इथे मांडतो, कारण तुमच्या स्पर्धांना येणाऱ्या निम्म्याअधिक पोरांना हा हिशेब माहीत नसतो. स्विस पद्धतीत कुणी हरून बाद होत नाही, दर राउंडला साधारण सारखे पॉइंट असलेल्यांच्या जोड्या लागतात. विजयाला ३ पॉइंट, बरोबरीला १, पराभवाला शून्य. एकही सामना बरोबरीत सुटला नाही तर ३२ जणांच्या स्पर्धेत चार राउंडनंतर २ खेळाडू चारही जिंकलेले असतात, ८ जण तीन जिंकून एक हरलेले आणि १२ जण दोन-दोन. सगळ्यात वरचे दोघे १२ पॉइंटवर असतात, त्यांचं पाचव्यात काहीही झालं तरी ते आत आहेत. त्यांच्या खालच्या आठांचे चार सामने. ते सगळे खेळले, तर चौघे जिंकून १२ वर जातात. म्हणजे सहा जागा भरल्या, उरल्या दोन. त्या दोन जागांसाठी नऊ पॉइंटवाले दहा जण, आणि त्यांत पाचवा सामना जिंकलेला माझा भाचा.

आता त्या चारांपैकी एका टेबलावर ठरवून बरोबरी झाली, तर ते दोघेही १० वर जातात. नऊपेक्षा दहा जास्त, म्हणून दोघंही आत. उरते एक जागा. दुसऱ्या टेबलावरही तेच झालं की दोन आणि चार आणि दोन, आठ पूर्ण. पोरानं पहिलं कार्ड खेचलं तेव्हाच दार लागलेलं होतं, आणि तो पुढची ५० मिनिटं त्या दारावर धडका देत बसला होता.

त्या चौघांनी कुठलाही नियम मोडला नाही. मॅजिकच्या स्पर्धा नियमांत सामन्याचा निकाल देण्याआधी कधीही डाव सोडता येतो किंवा दोघांच्या संमतीनं बरोबरी घेता येते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घेतली असती, आणि घेतलेली आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. माझं म्हणणं तुमच्याकडे आहे. सकाळी नऊपासून माईक तुमच्या हातात होता. पार्किंग कुठे, पाणी कुठे, बाटल्या टेबलावर ठेवू नका, सगळं सांगून झालं. हे एक सोडून.

आधी मी कशाच्या बाजूचा आहे ते स्पष्ट करतो. त्या दिवसानंतर दोन-तीन पालकांनी मला सुचवलं की आयोजकांकडे बंदीच मागू या. डाव सोडायचा नाही, बरोबरी ठरवायची नाही, शेवटच्या कार्डापर्यंत खेळायचं. त्यांची तळमळ मला कळते, पण मी त्या अर्जावर सही केली नाही.

डाव सोडणं हा या खेळाच्या हाडामांसाचा भाग आहे. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला मॅजिक १९९३ साली बाजारात आला, आणि आज त्याच्या नियमपुस्तकात शेकडो कलमं असली तरी हे एक कलम फार साधं आहे: खेळाडू कधीही डाव सोडू शकतो. यावर कुठल्याच कार्डाची सत्ता चालत नाही. २००३ च्या संचातलं माइंडस्लेव्हर नावाचं कार्ड वापरलं की समोरच्याची पुढची अख्खी टर्न तुम्ही खेळता. त्याच्या हातातली कार्डं बघता, त्याच्याच हातानं त्याचं वाटोळं करता. तरीही त्याला डाव सोडायला तुम्ही लावू शकत नाही, आणि त्याला सोडायचा असेल तर अडवू शकत नाही. बाकी सगळं काढून घेतलं तरी एवढं त्याच्याकडे राहतं. मला हा नियम फार आवडतो.

आणि डाव वेळेवर सोडता येणं हे कौशल्य आहे. तीन डावांच्या सामन्याला ५० मिनिटं मिळतात. पहिला डाव हातातून गेलाय हे पंधराव्या मिनिटाला कळूनही जो तिसाव्या मिनिटापर्यंत चिकटून राहतो, तो तिसऱ्या डावाचा वेळ खातो, स्वतःचा आणि समोरच्याचाही. शिवाय पहिल्या डावात तुमच्या डेकमध्ये नेमकं काय आहे हे समोरच्याला ठाऊक नसतं. डाव जाणारच असेल तर आपली महत्त्वाची कार्डं दिसायच्या आत सोडून द्यावा. पुढच्या डावाला तो साइडबोर्डमधून, म्हणजे दोन डावांमध्ये बदलायला बाजूला ठेवलेल्या कार्डांमधून, काय आत घेतो ते मग अंदाजानंच घ्यावं लागतं. मी असं केलं की मागे उभे असलेले कुणीतरी "पळाला" म्हणतात. आपल्याकडे रमी खेळणाऱ्या कुठल्याही घरात असं कुणी म्हणणार नाही. पानं वाईट आली की पहिल्या फेरीलाच डाव टाकायचा आणि २० लिहून घ्यायचे, मध्येच टाकला तर ४०, आणि हट्टानं बसून राहिलात तर ८० पर्यंत जातात. आमची आजी पानं उचलून, एकदा लावून, शांतपणे पालथी टाकायची. तिला कुणी पळपुटी म्हटलं नाही. सोडण्याची किंमत पानं वाटण्याआधी ठरलेली असायची आणि ती सगळ्यांना पाठ असायची. माझं आजचं सगळं म्हणणं त्या पाठ असण्याबद्दल आहे.

(उलट बाजूही आहे, घाईनं सोडू नये. १९९७ च्या पॅरिस प्रो टूर या मॅजिकच्या मोठ्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्याचा किस्सा जुने खेळाडू अजून सांगतात. माइक लॉन्ग यांच्याकडे जिंकून देणारं एकमेव कार्ड उरलंच नव्हतं, पण त्यांनी चेहरा असा ठेवला की मार्क जस्टिस यांनी डाव सोडला. भाच्याला मी हा किस्सा तीनदा सांगितलाय. "जिंकतो कसा ते दाखव" असं म्हणायला लाजू नये.)

बंदी नको म्हणण्याचं मोठं कारण मात्र वेगळं आहे. बंदी घातली की सोडणं थांबत नाही, ते लपतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधलं बॅडमिंटन आठवा. महिला दुहेरीत गटसाखळी होती, गटात कितवं यायचं यावर पुढचा प्रतिस्पर्धी ठरत होता. पुढे सोपी जोडी मिळावी म्हणून चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक अशा चार जोड्यांनी मुद्दाम हरायचा प्रयत्न केला. सर्व्हिस जाळ्यात, साधे फटके बाहेर. वेम्बली एरिनात लोकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, आठही खेळाडूंना स्पर्धेबाहेर काढलं. आपल्याला ते जास्त लागायला हवं, कारण त्याच स्पर्धेत ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा गुणांच्या फरकावर गटातून बाहेर पडल्या, आणि त्यांच्या गटातला जपानचा सामना नीट खेळला गेला नाही अशी भारतानं केलेली तक्रार फेटाळली गेली होती.

त्या आठ जणींना उघडपणे "आम्हाला हा सामना नको" म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी खेळाचं सोंग केलं. कार्डांच्या टेबलावर असं सोंग करणं तर त्याहून शंभरपट सोपं आहे. जाळ्यात मारलेली सर्व्हिस सगळ्या स्टेडियमला दिसते. हातात ठेवलेलं आणि न खेळलेलं कार्ड कुणाला दिसणार? कुठला पंच सिद्ध करणार की हा मुलगा हल्ला अडवायचं (ब्लॉक करायचं) विसरला नव्हता, त्यानं ते टाळलं होतं? कोल्हापूरकडची माणसं ज्याला नुरा कुस्ती म्हणतात ती आपल्या घरात येईल, आणि ती पकडायला आपल्याकडे डोळेच नसतील. मला उघडपणे पुढे केलेला हात चालेल. तो निदान चिठ्ठीवर लिहिला जातो.

एका बाबतीत आपण फुटबॉलइतकेही नशीबवान नाही. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया स्पेनमधल्या गिहॉनला शेवटचा गटसामना खेळले. अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपले होते, त्यामुळे कोणता निकाल दोघांनाही पुढे नेतो हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. जर्मनीनं सुरुवातीला एक गोल केला आणि उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात गेला. अल्जीरिया, ज्यांनी त्याच जर्मनीला २-१ नं हरवलं होतं, घरी गेले. त्यानंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करायचा नियम आला. आपल्या स्विसमध्ये सगळे सामने आधीपासूनच एकाच वेळी असतात आणि तरीही गणित सगळ्यांना आधीच मांडता येतं. तेव्हा वेळापत्रकानं हे सुटणारं नाही. बक्षिसांनी बरंचसं सुटेल. सगळं बक्षीस वरच्या आठांत कोंबण्याऐवजी त्यातला चांगला वाटा जिंकलेल्या प्रत्येक सामन्यावर द्या. मग पाचव्या राउंडला माझ्या भाच्यासारख्यांना जिंकण्याचं मोल उरतं, आणि बरोबरी घेणाऱ्यांनाही एका सामन्याचं बक्षीस सोडावं लागतं. रमीतल्या २० सारखं. माझ्या ओळखीतल्या एका दुकानात असं करतात आणि तिथे शेवटच्या राउंडला टेबलं रिकामी दिसत नाहीत.

आता ज्या गोष्टीनं मला हे पत्र लिहायला बसवलं तिच्याकडे येतो.

दुसरी स्पर्धा, दुसरा हॉल. शेवटचा राउंड. दोन मुलं, एक अकरावीतला, एक इंजिनीअरिंगचा. १-१ अशी बरोबरी, वेळ संपली, जादा पाच टर्नही संपल्या. बरोबरी राहिली तर दोघंही बाहेर, कुणीतरी सोडलं तर एक आत. अशा वेळी दोघांच्या चेहऱ्यावर काय असतं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. अकरावीतल्या मुलानं सरळ मनानं तोंड उघडलं: "तू सोड ना, मला जे बूस्टर मिळतील त्यातले अर्धे तुला." (बूस्टर म्हणजे कार्डांची बंद पाकिटं.) पंच मागेच उभा होता. त्यानं चिठ्ठी घेतली, मुलाला बाजूला नेलं, आणि मुलगा स्पर्धेतून बाद झाला.

पंचाचं चुकलं नाही. डाव सोडण्याच्या बदल्यात काही देऊ करणं म्हणजे लाच, आणि त्याला सामना गमावण्यापासून स्पर्धेतून बाद होण्यापर्यंत शिक्षा आहे. "चल, नाणं उडवून ठरवू" म्हटलं तरीही तसंच. असलंच पाहिजे. निकाल विकत मिळायला लागला की पैसेवाला पोरगा प्रत्येक रविवारी जिंकेल. पण त्या मुलानं फक्त "तू सोडशील का?" एवढंच विचारलं असतं तर ते पूर्ण नियमात होतं. मिळायची बक्षिसं दोघांनी वाटून घेणंही नियमात बसतं, जोवर त्याचा निकालाशी काही संबंध जोडलेला नाही. गुन्हा आणि रीत यांच्यामध्ये एका वाक्याचं अंतर आहे, आणि ते वाक्य कुठलं हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो बॅग भरत होता तेव्हा त्याचे वडील त्याला विचारत होते, "तू चोरी केलीस का?" त्याला उत्तर देता येईना. तीन वाक्यांची पाटी भिंतीवर असती तर हे झालं नसतं.

शिवाय प्रत्येक खेळाचा कायदा वेगळा. मॅजिकमध्ये जी ठरवून घेतलेली बरोबरी चालते ती यु-गि-ओच्या अधिकृत स्पर्धांत चालत नाही. एकाच दुकानात शनिवारी एक आणि रविवारी दुसरा खेळणाऱ्या मुलानं काय समजायचं? पाटी खेळागणिक वेगळी लागेल, हे माझ्याही नंतर लक्षात आलं.

नियमात नसलेली एक गोष्टही मागतो. ज्याचा फायदा होणार आहे त्यानं, किंवा त्याच्या मित्रांनी, सोडायला विचारू नये. मी एकदा पाहिलं, साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं आलेला एक नवा मुलगा. समोर इथला नेहमीचा खेळाडू, आणि खुर्चीमागे त्याचे तीन दोस्त. "अरे तुझा टायब्रेकर तसाही बसत नाही. सोड ना त्याला. आपलाच माणूस आहे." कुणी पैसे देऊ केले नाहीत, शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. मुलानं मान हलवली आणि सही केली. तो पाच राउंड खेळायला आला होता आणि चार खेळून परत गेला. कायद्यानं यात काही पकडता येणार नाही हे मला माहीत आहे. पण सामना सुरू असताना टेबलाभोवती उभं राहून कुणी बोलायचं नाही एवढं तुम्ही नक्की सांगू शकता. आणि एखादा पंच शेवटच्या राउंडला नुसता टेबलांमधून फिरत राहिला तरी पुष्कळ फरक पडतो.

मित्रासाठी मित्रानं सोडणं, यावर माझं मन अजून पक्कं होत नाही. एकाच गाडीतून आलेले, एकत्र सराव केलेले दोघं शेवटच्या राउंडला समोरासमोर येतात, एकाला आठात जायची संधी आहे आणि दुसऱ्याला नाही. तो दुसरा मित्र हात पुढे करून डाव सोडतो. त्यात मला वाईट दिसत नाही, उलट बरं वाटतं. पण दहाव्या टेबलावर कुणीतरी त्या एका जागेची वाट बघत असतो, त्याचा काय गुन्हा? मी स्वतः अलीकडे असं करणं सोडलंय. दुसऱ्यांना करू नका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कमांडरबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे, आणि ते माझ्याच हातून झालेल्या एका वागण्यामुळे झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कमांडर हा मॅजिकचाच एक प्रकार, चौघांत खेळतात, प्रत्येकाचा १०० कार्डांचा डेक, ४० लाइफ (ती शून्यावर आली की खेळाडू हरतो). दोघांच्या खेळात मी डाव सोडला तर फक्त आपलं दोघांचं संपतं. चौघांच्या खेळात मी उठलो की माझी सगळी कार्डं टेबलावरून जातात, कुणी माझं चोरून घेतलेलं असेल तेही जातं, आणि उरलेल्या तिघांचा डाव जागच्या जागी बदलतो. एका लहानशा स्पर्धेत माझी ९ लाइफ उरली होती. समोरच्या मुलीची ५. तिनं बारा ताकदीचा लाइफलिंकवाला (जेवढा मार देईल तेवढी लाइफ मालकाला देणारा) क्रीचर माझ्यावर सोडला. मला अडवता येत नव्हतं. मी मरणार होतो आणि तिला १२ लाइफ मिळून ती १७ वर जाणार होती. तिनं तीन टर्न त्याच तयारीत घालवल्या होत्या. मी डॅमेज लागायच्या आधी कार्डं गोळा केली आणि म्हणालो, "स्कूप." म्हणजे डाव सोडला. मी हरलो ते तसाही हरणारच होतो. तिला मात्र काहीच मिळालं नाही. ५ वरच राहिली आणि पुढच्याच टर्नला तिसऱ्यानं तिला संपवलं.

ती चिडली नाही. डेक डब्यात ठेवत म्हणाली, "ते बारा माझे होते."

खरंच तिचे होते. नियमानं मला परवानगी होती आणि मी तिच्या ताटातलं काढून तिसऱ्याला वाढलं. त्या डावात मला काहीही मिळणार नव्हतं, फक्त मला मारणाऱ्याला त्याचा लाभ होऊ नये एवढंच मला हवं होतं. लहानपणी आम्ही याला रडीचा डाव म्हणायचो. पुढच्या आठवड्यात मी तिची माफी मागितली. ती "ठीक आहे काका" म्हणाली, पण त्यानंतर त्या दुकानात मला दिसली नाही.

बाहेर कमांडरच्या स्पर्धा घेणाऱ्या अनेक गटांनी यासाठी घरचा नियम केलेला आहे: डाव सोडायचा तर आपल्या टर्नला, काही अर्धवट चालू नसताना. मध्येच कुणाला खरोखरच उठावं लागलं, तब्येत, घरचा फोन, शेवटची लोकल, तर त्याच्यावर सुरू असलेला हल्ला आणि त्याचे फायदे तो बसलेला आहे असं समजून पूर्ण करायचे. हाच नियम आपल्याकडे आणा. कमांडर खेळाडूंनीच वाढवलेला प्रकार आहे. २०२४ च्या सप्टेंबरात त्याचा कारभार मॅजिक काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं आपल्याकडे घेतला, तरी डाव मांडण्याआधी चौघांनी बोलून घ्यायची रीत, ज्याला सगळे रूल झिरो म्हणतात, ती कुणी काढून घेतलेली नाही. त्या बोलण्यात हे एक वाक्य घाला.

राहिलं हात पुढे करण्याची पद्धत. यासाठी नियम नको, पण नवीन पंचांना आणि मोठ्या खेळाडूंना तुम्ही सांगाल तर ऐकतील. एका मुलीनं पहिल्यांदाच स्वतः जुळवलेला कॉम्बो, म्हणजे एकत्र आली की डाव जिंकून देणारी कार्डं, टेबलावर आणला होता. दोन कार्डं झाली, तिसरं हातात. समोरच्यानं तिसऱ्याची वाट न बघता आपली कार्डं ओढली, "हां हां, कळलं," म्हणाला आणि मोबाइल काढला. ती जिंकली होती. पण ते कार्ड हातात धरून ती तशीच बसून राहिली, ठेवायचं कुठे ते कळेना. तो फक्त "दाखव, पूर्ण कर" म्हणाला असता तर त्याचे वीस सेकंद गेले असते. माझ्या पहिल्या मोठ्या पराभवात समोरच्यानं मला म्हटलं होतं, "छान लढवलास, तिसऱ्या टर्नला ते कार्ड राखलं असतंस तर मी अडकलो असतो." त्या वाक्यावर मी आज बारा वर्षं खेळतोय.

वेळ खाणाऱ्यांबद्दल एवढंच की जो हरत असताना मुद्दाम हळू खेळतो त्याला सांभाळून घेऊ नका. तो फसवणूक करतोय, आणि मॅजिकच्या नियमांत त्याला स्पर्धेतून बाद करण्याची शिक्षा आहे.

भाच्यानं पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत नाव घातलंय. डेक तोच आहे, साइडबोर्डची चार कार्डं बदललीत. परवा त्यानं मला विचारलं, "मामा, शेवटच्या राउंडला समोरच्यानं आयडी विचारलं तर घेऊ?" मी म्हटलं, तुझा निर्णय, गणित मांड आणि ठरव. तो म्हणाला, "पण त्या दिवशी कुणीतरी माझ्यासारखा नववा असेल ना." त्यावर मी काही बोललो नाही, ते त्याचं त्याला ठरवू दे.

तुमच्याकडून मला पहिल्या राउंडआधीची पाच मिनिटं हवी आहेत. माईकवर सांगा: डाव कधी सोडता येतो, बरोबरी ठरवता येते की नाही, कशाच्या बदल्यात सोडा म्हणता येत नाही, आणि किती राउंडनंतर किती जण पुढे जाणार. मराठीत सांगा, हिंदीत सांगा, कारण इंग्रजी नियमपुस्तक वाचून येणारी पोरं थोडी आहेत. सांगायला माणूस नसेल तर मला कळवा. मी सकाळी साडेआठला येईन, पाटीही लिहून आणीन.

आपला,
पुण्यातला एक खेळाडू, आणि एका खेळाडूचा मामा